नव्या घरात राहायला गेल्यावर सुरक्षेची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बदललं की पंखे, गीझर, गॅसची पाइपलाइन आणि पत्त्याचा बदल या धांदलीत दाराच्या कुलपाकडे कोणाचं लक्ष जात नाही. सोसायटीत नव्याने राहायला येणाऱ्यांकडून, आणि त्यांच्या ओळखीने बाहेरूनही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती महाराष्ट्रातल्या शहरी आणि निमशहरी घरांना धरून आहेत. फौजदारी कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांमधले आहेत.

एक मत आधीच सांगतो. घरफोडीच्या बातम्या नीट वाचल्या तर बहुतेक वेळा घर बंद असतं. म्हणून इथे हत्यारापेक्षा दार, चौकट आणि शेजार यांवर जास्त शब्द खर्च झाले आहेत.

१. ताबा मिळाला, चाव्या हातात आल्या. सगळ्यात आधी काय करू?

मुख्य दाराच्या कुलपाचा सिलिंडर, म्हणजे ज्यात चावी शिरते तो आतला भाग, बदला. तुमच्या हातात तीन चाव्या आल्या म्हणजे तेवढ्याच आहेत असं नाही. जुना मालक, एजंट, बिल्डरचं साइट ऑफिस, रंगारी, सुतार, सगळ्यांच्या हातून त्या चाव्या फिरलेल्या असतात. कोणी वाईट हेतूने ठेवून घेतली असेल असं नाही, पण कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये एखादी पडून असणारच.

पूर्ण कुलूप बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. हँडलखाली चावीचं भोक असलेल्या कुलपात दाराच्या कडेच्या पट्टीवर, सिलिंडरच्या समोरच, एक लांब स्क्रू असतो. तो काढायचा, चावी घालून किंचित फिरवायची आणि सिलिंडर सरळ बाहेर ओढायचा. तो जुना सिलिंडर तसाच हार्डवेअरच्या दुकानात न्या, कारण दाराच्या जाडीप्रमाणे त्याची लांबी बदलते आणि मिलिमीटरचा फरकही नडतो. दाराला आतून डबी लावलेला लॅच असेल तर ते काम सुताराकडून करून घ्या. नवीन चाव्यांचं पाकीट स्वतःच्या हाताने फोडा, सुताराला फोडू देऊ नका.

२. घर भाड्याचं आहे. मालकाला न विचारता कुलूप बदललं तर चालतं का?

न विचारता बदलू नका. लिव्ह अँड लायसन्स करारात तुम्हाला राहण्याची परवानगी मिळालेली असते, घरावर मालकी हक्काचा काही भाग मिळालेला नसतो. त्यामुळे करारात काय लिहिलंय त्याला महत्त्व आहे. मालकाला व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका: सिलिंडर स्वखर्चाने बदलतोय, जुना जपून ठेवतोय, जाताना पुन्हा बसवून देईन. शहाणा मालक नाही म्हणत नाही. नाहीच म्हणाला तर आतल्या बाजूने एक जाड टॉवर बोल्ट लावायची परवानगी मागा. तुम्ही घरात असताना तरी दुसऱ्या कोणाच्या चावीने दार उघडणार नाही.

करार नोंदणीकृत आहे ना, तेही बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

३. भाडेकरूची माहिती पोलिसांना कोणी द्यायची, मी की मालकाने?

मालकाने. अनेक शहरांत पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली तसा आदेश काढतात, आणि तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होतो. मुंबई-पुण्यात ही माहिती ऑनलाइन भरता येते. मालक टाळाटाळ करत असेल तर भाडेकरूने मागे लागावं, कारण पोचपावतीची प्रत तुमच्याही उपयोगाची असते. घरकामाच्या बाई, ड्रायव्हर, आजारी माणसाची देखभाल करणारे यांची माहितीही ठाण्यात देता येते.

४. कोणतं कुलूप चांगलं?

ब्रँडपेक्षा आधी चौकट बघा. बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं, "कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला." म्हणजे कुलूप शाबूत होतं, कोयंडा गेला. लाकडात अर्धा इंच शिरलेल्या स्क्रूंवर भारीतलं कुलूप लटकवलं तर कटावणीच्या एका झटक्यात ते कोयंड्यासकट हातात येतं. कोयंड्याचे आणि चौकटीतल्या पट्टीचे स्क्रू काढून बघा. आखूड असतील तर चौकटीत खोल जाणारे लांब स्क्रू बसवा, किंवा आरपार नट-बोल्ट. नव्या इमारतींतल्या पत्र्याच्या किंवा पोकळ चौकटीत सुताराला आतून लाकडी ठोकळा भरायला सांगावं लागतं. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांच्या पिना ठोकून निघत नाहीत ना, हेही तपासा.

दुसरं, बाहेरून दिसणारं कुलूप. अल्ड्रॉपला लटकणारं टाळं जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं की घरात कोणी नाही. दाराच्या आत बसणारं कुलूप लावलं तर घर बंद आहे की आत माणसं झोपलीत ते कळत नाही. माझ्या मते फ्लॅटसाठी आतलं मजबूत कुलूप आणि त्याच्या हातभर वर किंवा खाली दुसरा स्वतंत्र लॅच, एवढं पुरेसं आहे.

आणि लॅचचं दार नुसतं ओढून जाऊ नका. तेव्हा ते स्प्रिंगच्या तिरक्या जिभेवर अडकलेलं असतं, आणि अशी जीभ सरकवणं अवघड नसतं. खाली भाजी आणायला गेलात तरी चावी पूर्ण फिरवा.

५. सेफ्टी डोअर आहे, मग लाकडी दार दिवसा उघडं ठेवलं तर?

हवेसाठी ठेवा, पण सेफ्टी डोअरला आतून कडी लावून. आणि जाळीतून हात घालून कडी काढता येत नाही ना, ते स्वतः बाहेर उभं राहून करून बघा. अनेक दारांत ती काढता येते.

६. डिजिटल लॉक बसवू का?

चावी हरवणाऱ्या घरांसाठी सोयीचं आहे. चार गोष्टी बघा. कंपनीतून आलेला मास्टर कोड पहिल्याच दिवशी बदला. बसवायला आलेल्या माणसाने चाचणीसाठी स्वतःचं बोट नोंदवलं असेल तर ते पुसा. सेल संपत आल्यावर लॉक सूचना देतं, ती सूचना न टाळता सगळे सेल एकदम बदला. बाहेरून तात्पुरती वीज द्यायची सोय कुठे आहे तेही आधीच बघून ठेवा. आणि सोबत मिळणारी साधी चावी घरातच ठेवू नका. ती घरात आणि तुम्ही बाहेर, हा प्रकार नेहमीचा आहे.

ज्येष्ठांची आणि धुणीभांडी करणाऱ्यांची बोटं झिजलेली असतात, ती मशीनला पटकन ओळखू येत नाहीत. आधारच्या वेळी त्रास झाला असेल तर इथेही होईल. अशांना वेगळा कोड द्या. चौकट कच्ची असेल तर डिजिटल लॉकचाही उपयोग नाही (प्रश्न ४).

७. आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत. खिडक्यांची काळजी करायची का?

मजल्यापेक्षा खिडकीपर्यंत पोचायला काय आहे ते बघा. ड्रेनेजचा पाइप, एसीच्या युनिटची चौकट, शेजारच्या बाल्कनीचा कठडा, आणि डक्ट. सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर गच्चीच्या दाराला कुलूप असतं का, आणि त्याची चावी कोणाकडे असते, हे विचारा.

बाथरूमची खिडकी तर सगळेच विसरतात. तिथे आडव्या काचेच्या पट्ट्या असतात. त्या ॲल्युमिनियमच्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या असतात, बाहेरून एकेक करून काढता येतात, आवाजही होत नाही. अशा खिडकीला आतून साधी पक्की जाळी ठोकून घ्या. सरकत्या खिडक्यांना खालच्या पट्टीत मावेल अशी लाकडी पट्टी कापून आडवी टाकली की बाहेरून सरकत नाहीत. खर्च जवळजवळ शून्य.

८. सगळीकडे बंद ग्रिल केलं तर आग लागल्यावर बाहेर कसं पडणार?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, विचारायला हवा. प्रत्येक घरात किमान एका ग्रिलला, शक्यतो जिन्याच्या विरुद्ध बाजूच्या, उघडणारा झरोका ठेवा. माणूस बाहेर काढता येईल एवढा तो हवा. त्याचं कुलूप आतून असावं. चावी खिडकीजवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा ठिकाणी, आणि घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, माहीत असलेली. बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्या आणि जुन्या बादल्या रचून तो झरोका अडवू नका. अग्निशमन दलाचा नंबर १०१.

९. कॅमेरा कुठे लावू? पॅसेजमध्ये लावला तर शेजारी तक्रार करतात.

शेजाऱ्यांची तक्रार रास्त असू शकते. पॅसेज सोसायटीचा आहे, तुमचा नाही. आधी कमिटीची लेखी परवानगी घ्या. कॅमेऱ्याचा कोन असा ठेवा की तुमचं दार आणि त्यासमोरची जागा दिसेल, शेजाऱ्यांच्या घराचा आतला भाग नाही. मोबाइलवर दिसणारं चित्र त्यांना एकदा दाखवलं की बहुतेक वाद तिथेच मिटतात. दारातच बसणारी कॅमेऱ्याची बेल हा त्यातला सोपा मार्ग.

घराच्या आत लावायचा असेल तर सोबत राहणाऱ्यांची संमती हवी, आणि कामाला येणाऱ्यांना तो आहे हे सांगायला हवं. भाड्याच्या घरात मालकाने आत कॅमेरा ठेवलेला दिसला तर तो मान्य करू नका. स्त्रीचं खाजगी चित्रण हा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

रेकॉर्डिंगचा डबा, म्हणजे डीव्हीआर, टीव्हीखाली सगळ्यांना दिसेल असा ठेवू नका. चोर जाताना तोही उचलून नेतात, अशा बातम्या सतत येतात. एक प्रत ऑनलाइन जाईल अशी सोय करा आणि कारखान्याचा मूळ पासवर्ड बदला. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सायबर सुरक्षेच्या कसोट्या बंधनकारक झाल्या आहेत; जुना, बिनखोक्याचा, स्वस्तातला माल घेताना हे लक्षात ठेवा.

१०. नव्या ठिकाणी कोणाला ओळखत नाही. शेजाऱ्यांना नंबर देणं धोक्याचं नाही का?

न देणं जास्त धोक्याचं. पहिल्या महिन्यात तुमच्या घरातून कोणी टीव्ही उचलून नेला तरी शेजाऱ्यांना वाटेल की नवीन लोकांचं सामान अजून हलतंय. तुमचा भाऊ कोण आणि चोर कोण हे त्यांना कसं कळणार? राहायला गेल्यावर समोरच्या आणि वरच्या-खालच्या घरांत जाऊन घरात कोण कोण आहे ते सांगा, गाडीचा नंबर वॉचमनला द्या. सत्यनारायणाला किंवा वास्तुशांतीला मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं तर हे काम एका संध्याकाळी होतं.

फोन नंबर लागतो त्याचं आणखी एक कारण आहे. चोरटे एखादं बंद घर फोडताना त्याच मजल्यावरच्या बाकीच्या दारांना बाहेरून कड्या लावून ठेवतात. आवाज ऐकूनही शेजारी बाहेर येऊ शकत नाहीत. अशा वेळी वरच्या मजल्यावरच्याला फोन करून कडी काढायला सांगणं एवढाच उपाय उरतो. बाहेरची कडी कोणी वापरत नसेल तर सरळ काढून टाका.

११. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना काय करायचं?

दूध आणि पेपर बंद करा. दाराला अडकवलेली दुधाची रिकामी पिशवी आणि दारात साठलेले पेपर लांबूनही बोलतात. दाराशी पडलेली पत्रकं उचलायला शेजाऱ्यांना सांगा, त्यांच्या चपलांचा एखादा जोड तुमच्या दारात राहू द्या. एक दिवा टायमरवर लावा. दिवसरात्र जळणारा दिवा उलट चुगली करतो. स्टेटसला फोटो परत आल्यावर टाका. शाळेच्या आणि सोसायटीच्या ग्रुपमध्ये किती अनोळखी लोक आहेत ते एकदा मोजा. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवता येतं, आणि पोलीस तसं आवाहनही करतात. रोकड आणि दागिन्यांबद्दल प्रश्न १३ पाहा.

१२. दारावर येणाऱ्या माणसांवर विश्वास कसा ठेवायचा?

ठेवायचा नाही, पडताळायचा. नवीन घरात खूप लोक येतात: इंटरनेटवाला, गॅसवाला, आरओवाला. तुम्ही बोलावलेला नसेल तर सेफ्टी डोअर न उघडता ओळखपत्र बघा, आणि त्याने दिलेल्या नंबरवर नव्हे तर बिलावरच्या नंबरवर फोन करा.

तीन प्रकार पोलिसांच्या भाषेत 'बतावणी' म्हणून ओळखीचे आहेत. एक, दागिने किंवा तांब्या-पितळेची भांडी पॉलिश करून देणारे. दोन, रस्त्याने ओरडत जाणारा चावीवाला: कपाटाची चावी करून देतो म्हणतो, चावी आत अडकली, तेल आणा, पाणी आणा म्हणत घरच्यांना हलवतो आणि तेवढ्यात लॉकर रिकामा करतो. नव्या घरात जुन्या कपाटाच्या चाव्या सापडत नसतात, म्हणून हा नेमका गळाला लावतो. दुकान असलेल्या माणसालाच बोलवा, आणि आधी कपाट रिकामं करा. तीन, साध्या वेशातले 'पोलीस': पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा, असं आजींना सांगणारे. खरा पोलीस कोणाचे दागिने रुमालात बांधून देत नाही.

१३. दागिने घरात ठेवू की बँकेत?

रोजचे सोडून बाकीचे बँकेत, सामान हलवायच्या आधीच. फक्त एक समज काढून टाका की लॉकर म्हणजे विमा. बँकेच्या हलगर्जीमुळे चोरी, दरोडा, आग असं काही झालं किंवा कर्मचाऱ्याने अफरातफर केली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच आहे. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

प्रत्येक दागिन्याचे फोटो काढा, आणि हॉलमार्कच्या शेजारचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लिहून ठेवा. भिंग लागेल. जुन्या दागिन्यांवर तो नसतो, त्यांचं वजन आणि पावती जपा. चोरीनंतर "हीच माझी पाटली" हे दाखवताना याचा उपयोग होतो.

१४. घराचा विमा आहे. चोरी त्यात येते ना?

बहुधा नाही. 'भारत गृह रक्षा' ही १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी द्यायची प्रमाण पॉलिसी आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. अशा घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी तीत येते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. त्यातही फोडल्याच्या खुणा लागतात का, घर सलग किती दिवस रिकामं चालतं आणि दागिन्यांची मर्यादा किती, हे तीन मुद्दे वाचून सही करा. पॉलिसीवरचा पत्ता नव्या घराचा झालाय का, तेही बघा.

१५. रात्री दाराशी आवाज आला तर नक्की काय करायचं?

दार उघडून बघायचं नाही. सगळ्यांनी एका खोलीत जायचं, आतून कडी लावायची, ११२ हा पोलिसांच्या मदतीचा आपत्कालीन नंबर लावायचा. मग दिवे लावा, ओरडा, गाडीच्या रिमोटने हॉर्न वाजवा. चोराला गोंगाट नको असतो. तो पळाला तर पळू द्या.

नव्या घरात इथे एक नेमकी अडचण येते: घाबरलेल्या माणसाला नवा पत्ता आठवत नाही. जुन्या घराचाच तोंडात येतो. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा: इमारत आणि विंगचं नाव, फ्लॅट नंबर, रस्ता, रिक्षावाल्यालाही कळेल अशी खूण, जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर, वॉचमनचा, समोरच्यांचा. मुलांकडून तो एकदा मोठ्याने वाचून घ्या. बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की आपत्कालीन कॉल जातो. स्मार्टफोनमधली सोय सेटिंगमध्ये जाऊन आजच चालू करा.

१६. घरात काठी, कोयता, तलवार किंवा एअरगन ठेवावी का?

काठी ठेवा. बाकीच्या बाबतीत माझं मत नाही असं आहे, आणि कायदाही बऱ्याच अंशी त्याच बाजूला आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये तलवार, खंजीर, तसंच ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं नियंत्रणाखाली येतात. घरगुती किंवा शेतीच्या कामाची अवजारं वगळलेली आहेत. नारळ फोडायचा कोयता स्वयंपाकघरात असेल तर गुन्हा नाही, तोच गाडीच्या डिकीत घेऊन फिरलात तर उत्तर द्यावं लागेल. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी लाठीही चालत नाही. शोभेची म्हणून ऑनलाइन मागवलेली तलवार सरळ संकट आणते.

२० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीच्या किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) एअरगनला परवाना लागतो. त्याखालची चालते, पण अंधारात चोराला ती खरी बंदूक वाटली तर तो काय करेल याचा विचार करा. ज्यांच्याकडे बंदुकीचा परवाना आहे त्यांनी घर बदलल्यावर नव्या भागातल्या परवाना अधिकाऱ्याला कळवायचं असतं. हे राहून जातं.

१७. पेपर स्प्रेला परवाना लागतो का?

नाही. पण विमानात केबिनमध्ये नेता येत नाही, आणि बंद खोलीत मारला तर स्वतःलाही झोंबतो. संपण्याची तारीख असते, ती बघा. जिवाला धोका नसताना भांडणात वापरला तर तो हत्यारच ठरू शकतो: बेंगळुरूतल्या एका प्रकरणात सुरक्षा रक्षकावर स्प्रे मारणाऱ्यांविरुद्धचा खटला रद्द करायला कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नकार दिला.

१८. चोराला मारलं आणि तो जखमी झाला तर माझ्यावरच केस होईल का?

चौकशी होईल, कदाचित गुन्हाही नोंदवला जाईल, पण स्वतःचा बचाव हा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी बचावाचा हक्क आहे. आधी तो दंड संहितेच्या ९६ ते १०६ मध्ये होता. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्या शरीराच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठीही तो वापरता येतो.

मर्यादा कलम ३७ मध्ये आहे: बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. हल्लेखोराचा जीव जाईल इथपर्यंत हा हक्क कधी पोचतो तेही लिहिलेलं आहे. शरीराच्या बाबतीत कलम ३८: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला वगैरे. मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा अशी चोरी किंवा गृहअतिक्रमण ज्यात जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती वाटावी. दिवसाढवळ्या गॅलरीतून सायकल उचलणाऱ्या पोराच्या डोक्यात रॉड घालणं यात बसत नाही.

जिवावर बेतलेल्या क्षणी माणसाने किती जोर लावला हे सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटलं आहे. पण चोर निःशस्त्र होऊन खाली पडल्यावर मारलेले फटके न्यायालय वेगळे मोजतं. असं काही घडलंच तर ११२ ला तुम्हीच आधी फोन करा, जखमीला दवाखान्यात पोचवा, काही पुसू नका, आणि जबाब देण्यापूर्वी वकिलाशी बोला.

१९. सोसायटीने चोर पकडला. बांधून ठेवलं तर चालतं का?

आपल्यासमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०. मात्र विनाकारण उशीर न करता, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं. "आधी जरा धुऊ, मग देऊ" यात धुणारे आत जातात. संशयावरून एखाद्या फेरीवाल्याला किंवा अनोळखी पोराला डांबून ठेवणं तर सरळ बेकायदा.

२०. बंगला आहे. कंपाउंडच्या तारेत रात्री करंट सोडला तर?

अजिबात नाही. बिहारमधल्या चेरुबिन ग्रेगरी नावाच्या माणसाने आपल्या संडासात परके लोक येऊ नयेत म्हणून उघड्या तारेत वीज सोडली, एक बाई मेली, आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली. अतिक्रमण करणाऱ्यालाही असा सापळा लावून मारता येत नाही. आपल्याकडे रानडुकरांसाठी शेतात सोडलेल्या करंटने शेतकरी आणि त्यांच्या घरचेच मरतात, हे वेगळं सांगायला नको. भिंत उंच करा, झाडाच्या फांद्या छाटा, हालचाल टिपणारा दिवा लावा.

२१. स्वसंरक्षणाचा क्लास लावू का?

लावा, पण महिन्याभरात चोराशी लढता येईल ही अपेक्षा ठेवू नका. चांगला शिक्षक आधी पळायला, ओरडायला आणि मनगट सोडवायला शिकवतो. ज्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी चाकू हिसकावून घ्यायचे प्रयोग चालतात तिथून परत या. कराटे, ज्युदो, आखाडा यातलं काहीही वर्षभर नियमित केलं तर अंगात चपळाई येते.

२२. आई-बाबा नव्या फ्लॅटमध्ये एकटेच आहेत, आम्ही परदेशात.

कॅमेरे तुमच्या फोनवर असतील तर एक अडचण आहे: पुण्यात दुपारी बेल वाजते तेव्हा न्यू जर्सीत तुम्ही झोपलेले असता. म्हणून सूचना जाणारा दुसरा फोन जवळच राहणाऱ्या भाच्याचा किंवा शेजाऱ्यांचा हवा. पोलीस ठाण्यात एकट्या ज्येष्ठांची नोंद करता येते. मुंबई पोलिसांची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १०९०, देशभरासाठी एल्डरलाइन १४५६७. आईच्या पलंगाशी बेलचं वायरलेस बटण ठेवा, ज्याचा आवाज समोरच्या घरात होईल, समोरच्यांना विचारून. बाकी प्रश्न १० आणि १२.

२३. चोरी झालीच. आता?

दार फोडलेलं दिसलं तर आत जाऊ नका, माणूस आत असू शकतो. बाहेरून ११२. पंचनामा आणि ठसे होईपर्यंत कपाट आवरायचं नाही, फरशी पुसायची नाही. एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि प्रत मोफत मिळते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत सही करावी लागते. यादी विचार करून द्या. नंतर आठवलेल्या वस्तूंसाठी पुरवणी जबाब द्या. मोबाइल गेला असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरून तो ब्लॉक होतो.

माल सापडल्यावर खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही. मुद्देमाल परत मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करता येतो. फोटो आणि पंचनामा करून तो लवकर परत द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं आहे.

२४. घर हलवताना टेम्पोतूनच एक खोकं गायब झालं. हद्द कोणती, जुन्या घराची की नव्या?

कुठेही जा, प्रश्न २३ मधला नियम इथेही लागू आहे. वाहतूकदारानेच माल लाटला असेल तर तो साधी चोरी नसून विश्वासघात आहे, न्याय संहिता ३१६(३), सात वर्षांपर्यंत शिक्षा. भरपाईसाठी मात्र रस्तेमार्गे मालवाहतूक कायदा, २००७ प्रमाणे माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. ती राहिली तर दावा अडतो. यासाठी खोक्यांवर आकडे घाला, यादीच्या दोन प्रती करा आणि गाडी सुटण्यापूर्वी एकीवर त्यांच्या माणसाची सही घ्या. खोक्यांवर "दागिने" किंवा "लॅपटॉप" असं लिहू नका, नुसता आकडा पुरे.